तांडेलाचा डोळा आणि नातवाची नीज

थळच्या कोळीवाड्यात अंबाजी तांडेलाच्या डोळ्याबद्दल शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती. का म्हणून घ्यायची? डोलीचं पिशवीसारखं जाळं ज्या खुंटाला बांधतात तो खुंट पाण्याखाली गाडलेला असतो, वरून काही म्हणता काही दिसत नाही. तो शोधायचा किनाऱ्यावरच्या खुणांवरून. कनकेश्वराच्या डोंगराची खाचेसारखी खांड एका ठराविक उंच माडाच्या डोक्यावर आली पाहिजे, आणि त्याच वेळी उंदेरीच्या किल्ल्याचा कोपरा खांदेरीच्या दिव्याला टेकला पाहिजे. दोन्ही जुळलं की होडीच्या बुडाखाली तुमचा खुंट. दुसऱ्या होड्यांचे तांडेल बापडे घिरट्या घालायचे, एकमेकांना विचारायचे, पुन्हा वल्ही मारायचे. अंबाजी एकदा डावीकडे मान करायचा, एकदा उजवीकडे, आणि म्हणायचा, टाका. संपलं.

त्याचा बाप, जुना अनंता तांडेल, तोही असाच. म्हणून लोक म्हणायचे, डोळा त्या घरातच आहे, वडिलार्जित जमिनीसारखा. अंबाजीलाही ते खरंच वाटायचं. त्याचा मुलगा हिरामण कामाला वाघ होता, पण डोळ्याच्या बाबतीत बापाचा त्याच्यावर भरवसा नव्हता. एक पिढी सोडून येतो कधी कधी, असं तो बायकोला सांगायचा. सोनाबाई म्हणायची, येईल हो, जातो कुठं.

आता आतली गोष्ट सांगायची तर ह्या नामांकित तांडेलाला गेली दोनएक वर्षं धड दिसत नव्हतं. डोळ्यांपुढं आधी नुसतं धुकं आलं, मग ते दाट होत गेलं, पेजेसारखं. भर उन्हात पाणी चमकायला लागलं की सगळं पांढरंफेक व्हायचं. सकाळी नि तिन्हीसांजेला त्यातल्या त्यात बरं. मोतीबिंदू म्हणतात ते हेच, हे त्याला कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण तांडेलानं डोळा गेला म्हणायचं म्हणजे सुकाणू सोडायचं, आणि सुकाणू सोडून अंबाजीनं करायचं काय? किनाऱ्यावर बसून बोंबलांवरचे कावळे हाकायचे? मेलं तरी चालेल, पण ते नको. तर त्यानं कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. वारा गालाला कुठून लागतो, उंदेरीच्या खडकावर पाणी कसं वाजतं, लाट होडीला कुठं धरते, ह्यावर त्याचं भागत होतं. शिवाय हिरामण हल्ली सुकाणूपाशी बसून पुटपुटायचा, माड आला बाबा, किल्ला टेकला बाबा. पोरगं उशिरा का होईना शिकतंय, असं अंबाजीला वाटायचं. जेवताना सोनाबाई त्याच्या ताटातल्या मासळीचे काटे काढून द्यायची. म्हातारपणी हिला लाड करायची हौस आलीय, अशी त्याची समजूत.

स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील, त्या सालची ही गोष्ट. हिरामणची बायको केसर नवरात्राच्या सुमारास चौलला माहेरी बाळंत झाली. मुलगा झाला. दिवाळी होऊन गेल्यावर ती पोराला घेऊन थळला आली, बारसं झालं आणि नाव ठेवलं अनंता. अंबाजीनं त्या दिवशी सगळ्या कोळीवाड्याला गूळ वाटला आणि दुसऱ्या दिवशी, घरच्या रीतीप्रमाणे, होडीवरचा तांबडा बावटा काढून आणला.

ही रीत त्यांच्याच घरची. मुलगा घरात आला की घरच्या तांडेलानं ओट्यावर बसून त्याच्या डोळ्यांपुढून बावटा फिरवायचा. पोराचे डोळे बावट्यामागं गेले की पोर तांडेल होणार. अंबाजीच्या बापानं अंबाजीसाठी केलं, अंबाजीनं हिरामणसाठी केलं. तेव्हाही त्याला हिरामणचे डोळे जरा आळशी वाटले होते म्हणे, पण ते राहू द्या.

ओट्यावर सोनाबाई पोराला मांडीवर घेऊन बसली, पोराची पाठ तिच्या पोटाला, तोंड अंबाजीकडं. केसर दाराच्या आत उभी. हिरामण आणि शेजारची रतन पायरीवर. म्हणजे पोराचं तोंड समोरून बघत होता एकटा अंबाजी. दुपारची वेळ, अंगणातल्या वाळूवरून ऊन उसळत होतं. अंबाजीनं बावटा डावीकडे नेला, उजवीकडे नेला, आणि वाकून पाहिलं. त्याला दिसला एक गोल तांबूस डाग. त्यात डोळे असावेत अशा जागी दोन काळपट ठिपके, तेही कधी आहेत, कधी नाहीत. त्यानं पुन्हा बावटा फिरवला. अजून वाकला. ठिपके जागचे हलले नाहीत, निदान त्याला तरी हलताना दिसले नाहीत. त्यानं बावटा गुंडाळून मांडीवर ठेवला.

"नाय," तो म्हणाला. "पोराची नजर चालत नाय."

दुसरं कुणी असतं तर रतननं त्याला वेड्यात काढलं असतं. दीड-दोन महिन्यांचं लेकरू, आज बघेल, उद्या बघणार नाही, त्यात काय एवढं? पण बोलणारा अंबाजी तांडेल होता. कोसावरचं गलबत कुणाचं ते शिडाच्या ठिगळावरून सांगणारा माणूस. त्याला हातभरावरचं पोर बघत नाही असं दिसलं, तर ते बघत नसणारच. सोनाबाईनं पोराला उलटं फिरवून पाहिलं, पण तोवर पोर कंटाळून रडायला लागलं होतं. संध्याकाळपर्यंत ही बातमी वलांड्यांवर बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांपर्यंत पोचली. त्या येऊन बघून जायला लागल्या. टिचक्या वाजवायच्या, बांगड्या हलवायच्या. पोर कधी बघायचं, कधी नाही बघायचं, ह्या वयाची सगळीच पोरं करतात तसं. पण तांडेलानं एकदा सांगितल्यावर बघितलेलं कुणाच्या लक्षात राहीना. नाही बघितलं की मान हलवत घरी जायच्या.

केसरला मात्र हे पटत नव्हतं. पाजायला घेतलं की पोर तिच्या तोंडाकडं बघायचं, टक लावून, दूध ओढता ओढता थांबायचं आणि पुन्हा बघायचं. ती हे सासूला म्हणाली. सासू म्हणाली, आईला तसं वाटतं गो. नवऱ्याला म्हणाली, तर तो म्हणाला, बाबांनी पाहिलंय. नव्या सुनेनं तांडेलाच्या डोळ्यापुढं आपला डोळा आणखी किती पुढं करायचा?

अंबाजीनं उपाय शोधला तो त्याच्या धंद्यातला. होडीवर पोरं नवीन आली की तो त्यांना पहिला धडा द्यायचा तो जागं राहण्याचा. पेंगणाऱ्याच्या तोंडावर समुद्राचं पाणी मारायचा. निजेत डोळा गंजतो, असं त्याचं ठाम मत. आणि हे पोर तर दिवसाचं बघावं तेव्हा झोपलेलं! मग डोळा तयार होणार कधी? सगळा उलगडा झाल्यासारखा अंबाजी उठला आणि कामाला लागला.

पाळण्यावर घासून लखलखीत केलेला तांब्या टांगला. आरशाचा तुकडा टांगला. तांबड्या-पिवळ्या चिंध्या लावल्या. पोर झोपलं रे झोपलं की अंबाजी त्याला उचलायचा, तळपायाला गुदगुल्या करायचा, गार पाण्याचा हात फिरवायचा, आणि खांद्यावर टाकून किनाऱ्यावर न्यायचा. तो दर्यावर गेला की हे काम कोळीवाड्यानं वाटून घेतलं. जाता येता कुणीही आत डोकवायचं, अरे निजला काय, म्हणून पोराला उठवायचं आणि हाताला येईल ते दाखवायचं, सुपली, कोयता, कोंबडा. सगळ्यांना पोराचं भलंच करायचं होतं, काय बोलणार? केसरनं दाराला कडी लावली तर लोक खिडकीतून हाका मारायचे.

किनाऱ्यावर अंबाजी पोराला समुद्राकडं पाठ करून धरायचा आणि खुणा दाखवायचा. तो बघ कनकेश्वर, ती त्याची खांड, तो आपला माड. बोट अगदी नेमकं माडावर जायचं. त्याला स्वतःला तिथं नुसतं पांढरं दिसत होतं, पण त्या जागा त्याला पाठ होत्या. पोर उन्हानं डोळे मिटून घ्यायचं आणि मान टाकायचं. अंबाजीचा जीव तीळतीळ तुटायचा. त्याला त्या पोराचा राग येत नव्हता, भीती वाटत होती. आपला डोळा चाललाय हे त्याला माहीत होतं. तो जाऊन ह्याचा येईल, असा त्यानं मनाशी हिशेब मांडला होता. ह्याचाही आला नाही तर बापाचं नाव घ्यायला घरात काही उरत नव्हतं. म्हणून तो आणखी हलवायचा, आणखी दाखवायचा.

झालं काय, तर पोर खरंच बिघडलं. दूध नीट पिईना. दिवसभर किरकिर, आवाज बसलेला. डोळे उघडे असले तरी कुठंच लागेनात, एक इकडं, एक तिकडं, आणि मग वर जायचे. पोष महिना लागेपर्यंत पाजताना टक लावून बघायचं तेही बंद झालं. केसर बोट फिरवायची, तोंड जवळ न्यायची, नाव घ्यायची, पोर तिच्या पलीकडं बघायचं. मग तीही घाबरली. मामंजी म्हणतात तेच खरं असेल की काय, असं पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, आणि ती चुलीपाशी बसून खूप रडली.

हिरामणनं अलिबागच्या डॉक्टरकडं जायचं काढलं. अंबाजी म्हणाला, जा. तू पण चल म्हटल्यावर त्यानं होडीचं कारण सांगितलं, मग जाळ्याचं, मग गुडघ्याचं. डॉक्टर लोकांना दुसऱ्याच्या डोळ्यांत बघायची सवय असते, हे खरं कारण होतं, ते त्यानं गिळलं. शेवटी हिरामण, केसर आणि पोर तिघंच टांग्यानं गेली.

डॉक्टर वयस्क होता, फार बोलणारा नव्हता. त्यानं पोराच्या डोळ्यांवर बॅटरी मारली, काढली, पुन्हा मारली. बुबुळं आकसतात, आतली भिंगं स्वच्छ आहेत, डोळे चांगले आहेत म्हणाला. केसरच्या अंगातला जीव परत आला. मग त्यानं विचारलं, मूल झोपतं किती? हिरामणला वाटलं, शाबासकी मिळणार. त्यानं तांब्या, आरसा, किनारा, शेजारीपाजारी, सगळं सविस्तर सांगितलं. डॉक्टर बॅटरी हातात धरून ऐकत राहिला.

मग तो हिरामणला सोडून केसरशी बोलला. "बाई, तुम्ही दह्याला विरजण लावता आणि भांडं दर घटकेला हलवता का?"

केसर म्हणाली, नाही, कसं लागेल दही?

"मग ह्याचं तेच चाललंय. डोळा चांगला असून भागत नाही, बघायला शिकावं लागतं, आणि ते शिकणं डोक्यात होतं. जागेपणी जे दिसलं ते झोपेत मुरतं. तुम्ही सगळे मिळून ह्याला दाखवताय फार आणि मुरू देत नाही. झोपेल तितकं झोपू द्या. जागं झालं की आईचं तोंड दिसलं तरी पुष्कळ."

हे घरी येऊन सांगितल्यावर सोनाबाईनं लगेच पाळण्यावरचा तांब्या उतरवला. अंबाजी जाळ्याच्या गाठी मारत राहिला. रात्री जेवताना मात्र म्हणाला की डॉक्टर जमिनीवरचा माणूस, त्याला काय कळणार, आणि दही नि डोळा ह्यांचा संबंध काय? सोनाबाई काटे काढत होती, तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी होडी दुपारच्या भरतीला जायची होती. पोर सकाळी पिऊन झोपलं, कितीतरी दिवसांनी गाढ, मूठ तोंडाशी धरून. केसर विहिरीवर गेली. ती परत आली तर अंबाजी पोराला उचलून ओट्यावर घेऊन बसलेला आणि बावटा फिरवतोय. पोर डोळे उघडून, मान लुळी टाकून, आवाज न करता रडत होतं. अंबाजीच्यानं राहवलं नव्हतं, एवढंच. डोळे चांगले आहेत म्हणाला ना डॉक्टर, मग आज तरी हलतील, असं त्याला वाटलं होतं.

केसरनं हंडा खाली ठेवला. सासऱ्यासमोर तिनं आजवर मान वर केली नव्हती. तिनं पोराला त्याच्या हातातून काढून घेतलं.

"बाबा, मी ह्याला चौलला नेतंय. हितं ह्याला कुणी निजू देत नाय."

अंबाजी म्हणाला, पोर आंधळं राहील तिकडं. केसर म्हणाली, राहिलं तर झोपलेलं आंधळं राहील, असं छळून नको. हिरामणनं बापाकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, आणि टांगा आणायला गेला. सोनाबाईनं पोराची दुपटी बांधून दिली.

त्या दिवशी हिरामण चौलला, म्हणून होडीवर अंबाजी आणि बाकीचे खलाशी. निघाले. दुपार होती, पाणी आरशासारखं तळपत होतं. खुंटाच्या अंदाजानं अंबाजी थांबला, डावीकडं मान केली, उजवीकडं केली. कानाशी कुणी माड आला म्हटलं नाही, किल्ला टेकला म्हटलं नाही. त्यानं टाका म्हटलं, खुंट चाचपायची आकडी टाकली, खाली काही नव्हतं. जरा पुढं घ्या म्हणाला. तिथंही नव्हतं. मग मागं, मग पुन्हा पुढं. खलाशी एकमेकांकडं बघत होते. पाणी फिरलं, ओहोटीची ओढ लागली, आणि अंबाजी तांडेलाची होडी जन्मात पहिल्यांदा खुंट न सापडता रिकामी परतली. आज हवेत धूर फार होता, असं तो किनाऱ्यावर उतरल्यावर म्हणाला. व्हय तांडेल, धूर होता, असं सगळे म्हणाले. हवा लख्ख होती.

तेव्हा त्याला कळलं की हिरामण दोन वर्षं शिकत नव्हता, शिकलेला होता. आणि बापाला सांगत होता. ह्याच्या मागोमाग दुसरा विचार आला, तो त्याहून वाईट. एवढा माड दिसला नाही, तर तिळाएवढं बुबुळ हललं की नाही हे मला त्या दिवशी कसं दिसलं? हा विचार त्यानं झटकून टाकला. तो पुन्हा आला. जाळं विणताना आला, जेवताना आला. रिकाम्या पाळण्याजवळून जाताना तर हमखास यायचा. पण बोलायचं कुणाशी? बोललं की सगळंच बोलायला लागलं असतं. दुसऱ्या दिवसापासून हिरामण पुन्हा सुकाणूशी बसून पुटपुटायला लागला आणि अंबाजी पुन्हा टाका म्हणायला लागला, फक्त आता त्याचा आवाज पडलेला असायचा.

चौलला केसरच्या आईचं, वेणूबाईचं घर सुपारीच्या वाडीला लागून. थंड सावली. पोर आधी आठ-दहा दिवस नुसतं झोपलं. उठायचं, प्यायचं, पुन्हा झोपायचं. दिवसाचं, रात्रीचं, काही धरबंध नाही. वेणूबाईनं दारात खाट टाकली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओठावर बोट ठेवून परत पाठवलं. मग एका सकाळी पाजता पाजता पोरानं दूध ओढायचं थांबवलं आणि वर पाहिलं. केसरनं मान जरा बाजूला केली. डोळे मागं आले. दुसऱ्या बाजूला केली. आले. ती ओरडली नाही, हलली नाही, पोराचं पिणं होईपर्यंत तशीच बसून राहिली. मग आईला हाक मारली. तेवढ्यात पोर पुन्हा झोपलं, आणि वेणूबाईला ते बघायला संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं.

केसरनं थळला निरोप धाडला तो एवढाच, की पोर बरं आहे, शिमग्याला येते. डोळ्यांचं मुद्दाम सांगितलं नाही. त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघावं, असं तिच्या मनात होतं. थोडा रागही होता, कशाला खोटं बोला.

शिमग्याच्या आधी केसर आली. कोळीवाड्यात होड्या रंगवणं चाललं होतं, सगळीकडं ताज्या रंगाचा वास. दुपार कलली होती. अंबाजी ओट्यावर खांबाला टेकून बसला होता, भरतीची वाट बघत. केसर टांग्यातून उतरली, पायऱ्या चढली, आणि पोराला अंबाजीच्या समोर सतरंजीवर बसवलं, पाठीला आपल्या हाताचा टेकू देऊन. पोर बाळसं धरून चांगलं गुबगुबीत झालं होतं. सोनाबाई पुढं आली, वाकली आणि मटकन खाली बसली. पायरीवरच्या रतननं तोंडाला पदर लावला.

"आई गं, बघतंय कसं!" सोनाबाई म्हणाली.

अंबाजीनं वाकून पाहिलं. तांबूस गोल डाग. दोन ठिपके. आधीचेच. सगळे हसत होते, आणि आता त्यानं हसायचं होतं. सोपं होतं. बघतोय हो बघतोय, असं म्हणून मोकळं व्हायचं, पोराला उचलायचं, बावटा आणायचा. दोन वर्षं दुसरं काय केलं होतं? पण त्याला खरंच कळायला हवं होतं. पोर बघतंय की सगळे मिळून त्याची समजूत काढतायत, हे त्याला कुणाच्या हसण्यावरून नको होतं. ह्या एका गोष्टीसाठी त्याची झोप उडाली होती.

"कुठं बघतंय गो?" त्यानं विचारलं.

केसरला वाटलं, थट्टा करतात. "तुमच्याकडंच की, बाबा."

"डोळे हलतात? मी हललो की हलतात?"

"हलतात. तुम्हीच बघा ना."

"मना दिसत नाय, केसर."

तो हे इतकं सरळ म्हणाला की कुणाला आधी अर्थच लागला नाही. हसणं थांबलं. रतन उठून, कोंबड्यांना हाकलायचं निमित्त काढून, निघून गेली. सोनाबाईला नवल वाटलेलं दिसलं नाही. दोन वर्षं काटे काढणाऱ्या बाईला कसलं नवल? पण तिच्या तोंडाचा रंग हळूहळू उतरत गेला, कारण पुढचं तिच्या आत्ता लक्षात येत होतं.

"मग त्या दिवशी बावटा फिरवलात तेव्हा?" तिनं विचारलं.

"तेव्हाबी नाय दिसलं."

"आणि पोर बघत नाय म्हणालात."

"व्हय."

"मला वाटलं, काटे बारीक म्हणून दिसत नाहीत, पोराचं तोंड तरी दिसतं तुम्हांला," सोनाबाई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. "मी त्याच वेळी बोलले असते तर..."

केसरचा हात पोराच्या पाठीला तसाच होता. तिला इतका संताप आला की कानशिलं तापली. तो तांब्या, ते ऊन, ती लुळी पडलेली मान, चुलीपाशी रडण्यात घालवलेले दिवस, सगळं एका माणसाच्या ताठ्यापायी! पोराला उचलून आल्या टांग्यानं चौलला परत जावं असं तिला क्षणभर वाटलं. तिनं पोराकडं पाहिलं. पोर अंबाजीकडंच बघत होतं. त्याच्या पांढऱ्या मिशा बोलताना हलत होत्या ते त्याला फार गमतीचं वाटत असावं. तो थांबला की पोर थांबायचं, तो बोलला की पाय झाडायचं. ह्या म्हाताऱ्यानं आपल्याला काय काय केलं, ह्यातलं काही त्याच्या गावी नव्हतं.

तिनं पोराला उचललं आणि अंबाजीच्या मांडीवर ठेवलं.

"घ्या," ती म्हणाली. "जागं हाय तवर बघू दे तुम्हांला. निजलं की हलवायचं नाय."

अंबाजीनं दोन्ही हात लावले. पोरानं मिशी धरली आणि ओढली. नेमकी धरली, एका झटक्यात, न चाचपता. अंबाजीच्या ते लक्षात आलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. सोनाबाई म्हणाली की शिमगा झाला की अलिबागला जायचं, त्या डॉक्टरकडं, आता गुडघ्याचं कारण चालणार नाही. त्यानं मान हलवली.

पोर थोडा वेळ मिशीशी खेळलं. मग त्याची मूठ सैल झाली, डोकं अंबाजीच्या पोटावर आलं, आणि ते झोपलं. श्वासावरून अंबाजीला कळलं.

खाली किनाऱ्यावरून हाका यायला लागल्या. पाणी चढलं होतं, खलाशी होडी ढकलायला उभे होते. हिरामण पायऱ्या चढून वर आला आणि म्हणाला, चला बाबा.

"तू जा," अंबाजी म्हणाला. "खुंट गावतो तुला. मना ठाऊक हाय."

हिरामण तिथंच उभा. "आणि सुकाणूवर कोण बसणार?" त्यानं विचारलं.

"तूच. हळू बोल, पोर निजलंय."

हिरामण चपला हातात घेऊन पायऱ्या उतरला. होडी पाण्यात गेल्याचा आवाज आला, मग वल्ह्यांचा, मग तोही लांब गेला. अंबाजीच्या मांडीला मुंग्या आल्या होत्या, तरी त्यानं मांडी बदलली नाही.